पोटासाठी केलेला प्रवास हे प्रवासवर्णन नव्हे काय?

प्रवासवर्णन म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर लंडन, पॅरिस आणि हिमालय उभा राहतो. परतीचे तिकीट खिशात घेऊन हौसेने निघालेला माणूस दिसतो. बोचकी, भांडी आणि लेकरू घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेली बाई दिसत नाही. ती का दिसत नाही, हा आमचा सवाल आहे.

आम्ही बारामती एमआयडीसीत एक छोटे घरगुती प्रकाशन चालवतो. घरगुती म्हणजे अक्षरशः घरातले. भाऊ कंपनीतली शिफ्ट संपवून आला की संगणकावर पाने लावतो, आई गठ्ठे बांधते, आम्ही नवरा-बायको हकिकती ऐकून लिहून घेतो. आम्ही छापतो फक्त खऱ्या प्रवासाच्या हकिकती. सोळा पानांचे दोन फॉर्म, पिन मारलेली पुस्तिका. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर चादर अंथरून विकतो. विलास वाघ आणि उषाताई वाघ यांनी १९७२ पासून पुण्यात सुगावा प्रकाशन उभे केले. घर आणि प्रकाशन एकाच चुलीवर चालू शकते, हे आम्ही त्यांच्याकडे पाहून शिकलो.

एका वितरकाने आमच्या पुस्तिका चाळल्या आणि म्हणाला, "ही प्रवासवर्णनं नाहीत. दलित साहित्याच्या कपाटात ठेवतो." म्हणजे कपाटालाही जात असते!

आता जरा इतिहास बघू. मराठीतले गाजलेले जुने प्रवासवर्णन म्हणजे विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. गोडसे भटजी वरसईहून हौसेने निघाले नव्हते. घरावर कर्ज होते, ते फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला ते उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. कर्जापायी गाव सोडणे, वाटेत लुटले जाणे, जीव मुठीत धरून परत येणे. बीडची ऊसतोड टोळी मुकादमाची उचल घेऊन निघते, तेव्हा ती वेगळे काय करते? भटजींचा प्रवास हे वाङ्मय आणि टोळीचा प्रवास ही समस्या, हा निवाडा कोणी केला?

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. ते पाहायला पुण्याहून गाड्या येतात. त्याच दिवसांत त्याच भागात टोळ्यांच्या कोप्या पडलेल्या असतात. पक्षी कुठून आले, किती आले, याची नोंद होते. माणसांच्या वाटेची नोंद कोण ठेवतो?

आमच्या दृष्टीने मराठी मुलुखातली सगळ्यात खरी प्रवासकथा बाबासाहेबांची आहे. ती त्यांनी इंग्रजीत लिहिली, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. १९०१ साली नऊ वर्षांचे भीमराव भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. जात कळल्यावर बैलगाडीवाल्याने दुप्पट भाडे घेतले, आणि गाडी हाकायला लावली पोरांनाच. डबा भरलेला होता, पण पाणी कोणी देईना, म्हणून पोरे उपाशी राहिली. या लिखाणात रडगाणे नाही. भाडे आहे, अंतर आहे, रात्र आहे, पाणी आहे. अन्यायावर शंका घेणारे पुष्कळ असतात. तपशील पक्का असला की त्यांची बोलती बंद होते.

म्हणून आमचे प्रश्न ठरलेले आहेत. कशाने गेलात? भाडे किती पडले? मुक्काम कुठे केलात? पाणी कोणी दिले? जात कोणी विचारली? दौंडला गाडी बदलून इथे आलेला बिहारचा कामगार असो की ऊसतोड करणारी बाई, प्रश्न तेच.

सध्या आमच्या घरात एका ताईंच्या पुस्तिकेची प्रुफे तयार आहेत. ताप अंगात असताना दोन दिवस ट्रॉलीत बसून त्या आल्या. मुकादमाने दवाखान्यापाशी थांबू दिले नाही. ताई म्हणतात, "माझ्या नावानंच छापा. नाव बदललं तर ती दुसरीची गोष्ट होईल." दादा म्हणतात, "उचल फिटली नाही अजून. पुढच्या साली कोण नेईल आम्हाला?" दोघांचेही खरे आहे. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला नाव बदलायला शिकवले होते. पण ज्यांची नावे पिढ्यान् पिढ्या कुठेच लिहिली गेली नाहीत, त्यांचे नाव आम्हीच पुसायचे?

आम्ही ठरवले आहे की पुस्तिका ताईंच्या नावानेच निघेल, पण हंगामाचा हिशेब मिटल्यावर आणि दोघांनी होकार दिल्यावर. गोडसे भटजींचे लिखाण इंग्रज सरकारच्या धास्तीने बरीच वर्षे पडून होते, ते १९०७ साली छापले गेले. बाबासाहेबांचे लिखाण पुस्तिका म्हणून १९९० साली आले. ताईंना मात्र इतकी वर्षे थांबावे लागू नये, यासाठीच आमचा हा उद्योग आहे.

वाचकहो, तुमच्या आजीने गाव सोडले तेव्हा ती कशाने गेली, हे तिला आजच विचारा आणि लिहून ठेवा.

जय भीम!