आड, पोहरा आणि अँबॅसडर

लग्नाच्या पंगतीत जिलबीचे कौतुक होते, आचाऱ्याचेही होते. पण पहाटे उठून पाण्याची पिंपे कोणी भरली, हे कुणी विचारत नाही. मोटारीच्या जगातही हाच न्याय आहे. बॉनेट उघडले की सारी मंडळी इंजिनाकडे पाहतात. मागच्या टाकीपासून त्या इंजिनापर्यंत पेट्रोल वाहून आणणारी बोटाएवढी नळी खाली वाकून पाहण्याची तसदी कोण घेतो? मराठीच्या प्राध्यापिकेने तर ती घेण्याचे कारणच नव्हते. पण आमच्या आबांच्या अँबॅसडरने गेल्या वर्षी मला ती घ्यायला लावली.

ही अँबॅसडर मार्क फोर. आबांनी १९८२ साली घेतलेली. कोल्हापुरातली त्यांची वकिली तेव्हा नुकती चालू लागली होती, आणि मी जेमतेम चालू लागले होते. १४८९ सीसीचे ते इंजिन गगनबावड्याचा घाट चढताना धापा टाकी, पण चढे. गेल्या वर्षी त्याच्या ब्लॉकला तडा गेला. अँबॅसडरचा कारखाना तर २०१४ सालीच बंद पडलेला. पुण्याहून भावाचा फोन आला, "ताई, आता भंगारात दे." आबा ऐंशीला टेकले आहेत. ते काहीच बोलले नाहीत. रोज सकाळी पिवळे फडके घेऊन ती न चालणारी गाडी मात्र पुसत राहिले. आबा भांडले असते तर मी युक्तिवाद केला असता. त्या फडक्यापुढे माझे काही चालेना.

मग ठरले, इंजिन बदलायचे. अँबॅसडरवाल्यांना हा मार्ग खुद्द कंपनीनेच घालून दिलेला आहे. १९९० नंतरच्या दशकात तिने याच गाडीत इसुझुचे १८०० सीसीचे इंजिन बसवले आणि पुढे त्यालाच इंजेक्शनची जोड दिली. तसे एक जुने पण धडधाकट इंजिन आपल्या वायरिंगसह आणि कॉम्प्युटरच्या डबीसह मिळाले. मात्र इंजिन मिळाले म्हणून बसवले, असे चालत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. तेव्हा आधी आर. टी. ओ. कडे अर्ज आणि मग गाडीला पाना, हा क्रम वकिलाच्या घरात कुणाला शिकवावा लागला नाही. परवानगी हातात पडायला काही महिने गेले. फडक्याचे काम तेवढे महिने चालूच राहिले.

शिवाजी उद्यमनगरातले आमचे मिस्त्री गाडीभोवती एकदा फिरले आणि म्हणाले, "मॅडम, इंजन काय, चार दिसांत बसवतो. पर त्याला पाजणार कशानं, ते आधी ठरवा."

मला वाटले, पेट्रोल ते पेट्रोल! त्यात पाजण्याचा प्रश्न कुठून आला? त्यावर त्यांनी तासभर जो पाठ दिला, तो माझ्या शब्दांत सांगते.

जुने इंजिन कार्बोरेटरचे. त्याला पेट्रोल पोचवणारा पंप इंजिनालाच चिकटलेला. इंजिन फिरले की पंपाचा पडदा वरखाली होतो आणि टाकीतले पेट्रोल हळूहळू ओढले जाते. दाब किती? दर चौरस इंचाला तीन-चार पौंड. कार्बोरेटरमध्ये एक छोटी वाटी असते; पेट्रोल तिथे साठते आणि इंजिन आपल्या गरजेप्रमाणे त्यातून घेते. म्हणजे जुन्या स्वयंपाकघरातला रांजणच म्हणा! नळ दोन क्षण गेला तरी गृहिणीचे अडत नाही.

इंजेक्शनच्या इंजिनाजवळ हा रांजण नाही. तिथे पेट्रोलचा बारीक फवारा मोजून मारायचा असतो आणि त्यासाठी दाब लागतो चाळीस पौंडांच्या आसपास, म्हणजे जुन्याच्या दसपट. आपण गाडीच्या टायरमध्ये हवा भरतो ना, तिच्याहूनही जास्त! हे काम जुन्या पंपाच्या आवाक्यातले नव्हे. त्याला विजेचा पंप हवा. उरलेले पेट्रोल टाकीकडे परत नेणारी दुसरी नळी हवी, आणि ती तर जुन्या गाडीत मुळी नसतेच. शिवाय टाकीत पेट्रोल कमी असले आणि गाडी वळणावर कलली, तर ते एका कडेला जाते, पंपाच्या तोंडी हवा येते आणि इंजिन आचके देते. म्हणून पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारी लहानशी कुंडीही हवी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण मी वर्गात इतकी वर्षे समजावून देत आले. पण आडात आहे आणि दोरच अपुरा, ही तऱ्हा मला मिस्त्रींनी शिकवली.

या साऱ्याचा हिशोब झाला तेव्हा तो इंजिनाच्या किमतीच्या जवळजवळ निम्म्यावर गेला. घरात कुजबूज सुरू झाली. एका नातलगाने तोडगा सुचवला, "नवा पंप तेवढा लावा. नळ्या जुन्याच राहू द्यात. इतकी वर्षे गळल्या नाहीत, आता कशाला गळतील?" युक्तिवाद सोपा होता आणि स्वस्तही. मी मिस्त्रींकडे पाहिले. ते एवढेच म्हणाले, "तीन पौंडाला न गळणारी नळी चाळीस पौंडाला गळती, मॅडम. आणि गळती ती तापल्या सायलेन्सरवर. इंजन बंद पडलं तर ढकलत आणाल. नळी फुटली तर ढकलायला गाडी उरत न्हाई."

त्या गाडीत कोण बसणार होते? ऐंशीचे आबा, गुडघे धरलेली आई आणि सुट्टीत आलेली नातवंडे. तरी पैशाचा मोह सुटत नाही तो नाहीच. अखेर निकाल दिला तो आईने. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "गॅसची शेगडी नवी आणली तेव्हा नळी बदललीस की नाही? दर पाच वर्षांनी बदलायची म्हणून मला बजावतेस, आणि इथे चाळीस वर्षांची ठेवतेस होय?"

वकिलाच्या घरात इतका नि:संदिग्ध निवाडा क्वचितच ऐकला असेल.

मग टाकी उतरली. रिकामी टाकी म्हणजे निर्धास्त, असा आपला समज. वास्तविक भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातकी. तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा एकत्र कोंडलेली असते. मिस्त्रींनी ती पुन्हा पुन्हा धुतली, पाण्याने भरली आणि मगच परतीच्या नळीचे तोंड झाळायला घेतले. धुताना तिच्यातून जो गंज आणि तपकिरी गाळ निघाला, तो पाहून आबा म्हणाले, "माझ्या सगळ्या पक्षकारांची लबाडी इथे साठली होती वाटतं!"

रबराच्या नळ्या बदलण्याला आणखी एक कारण होते, आणि ते आमच्या कोल्हापूरच्या उसातच दडलेले आहे. साखर कारखान्यांतून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२२ साली त्याचे प्रमाण दहा टक्के झाले, २०२५ साली वीस. जुन्या गाड्यांतले रबर या पाहुण्यासाठी बनलेलेच नव्हते. ते फुगते, मऊ पडते, त्याला चिरा जातात. शिवाय इथेनॉल पाणी शोषते आणि जुनी पुटे सुटी करून गाळणीत आणून टाकते. तेव्हा नळ्या नव्या, इंजेक्शनचा दाब सोसणाऱ्या. त्यांना आवळणाऱ्या क्लिपा रबर न कापणाऱ्या. आणि गाळणीही नवी, तीसुद्धा महिन्याभराने उघडून पाहायची, अशी ताकीद मिळाली.

सर्वांत शेवटी मिस्त्रींनी एक बारीकसा स्विच दाखवला. जुना पंप इंजिनाच्या जिवावर चाले. इंजिन थांबले की तोही थांबे. विजेच्या पंपाला हे कळत नाही. अपघात होऊन नळी तुटली, तरी वीज मिळते तोवर तो इमानाने पेट्रोल ओतत राहील. म्हणून इंजिन थांबताच कॉम्प्युटरने त्याला थांबवायचे आणि गाडीला जबर धक्का बसला तर या स्विचने वीज तोडायची. देण्याची ताकद वाढली की थांबण्याची सोयही वाढवावी लागते, हे त्या पंपाइतकेच माणसालाही लागू असावे.

महाविद्यालयात आम्ही नवी इंजिने पुष्कळ पाहतो. अभ्यासक्रम नवा येतो, परीक्षेची पद्धत नवी येते. ग्रंथालयातली पुस्तके आणि रिकाम्या राहिलेल्या शिक्षकांच्या जागा मात्र जुन्याच नळ्यांसारख्या आपापल्या ठिकाणी असतात. मग इंजिन आचके देऊ लागले की आपण इंजिनालाच दोष देतो. घरातही निराळे काय घडते? मुलाला मोठा क्लास लावतो. त्याची झोप, त्याचे जेवण, त्याच्याशी दोन शब्द बोलायला लागणारा वेळ, ही नळी कुणी तपासत नाही.

आर. सी. बुकात नव्या इंजिनाचा नंबर चढला, विमा कंपनीला कळवून झाले आणि एका रविवारी आबा चालकाच्या शेजारी बसले. मी किल्ली फिरवली. जुन्या सवयीने आबांना वाटले, आता खडखडाट होणार. तो झाला नाही. मागून फक्त बारीक गुणगुण आली, दोन सेकंदांची.

"काय झालं? बंद पडली?" आबांनी विचारले.

"नाही आबा," मी म्हटले, "आधी नळीत दाब भरतोय."

आबांनी मान हलवली आणि खिशातले पिवळे फडके काढून समोरची काच उगीचच एकदा पुसली. मग मी किल्ली पुढे फिरवली.