चीक

खरवसाची वडी ताटलीत थरथरते ती चिकाच्या जोरावर. त्यात अंडं नसतं, जिलेटिन नसतं. गूळ, वेलदोडा, जायफळ घालून वाफेवर ठेवलं की तो आपसूक आवळतो. पुण्यात डेअरीच्या काचेआड खरवस दिसतो आणि बहुतेकांची चिकाशी ओळख तेवढीच असते. गोठ्यात मात्र त्याला वेगळा मान आहे.

गाय व्याली की पहिल्या धारेला तो येतो. पिवळाधमक, दाट, बोटांना लागला की तार धरतो. आणि आल्याआल्या त्याला घाई असते. पोटातल्या वासराला गायीच्या रक्तातली रोगप्रतिकारक प्रथिनं मिळत नाहीत. ती सगळी चिकात साठवलेली असतात. नव्या वासराचं आतडं ही मोठी प्रथिनं जशीच्या तशी रक्तात जाऊ देतं, पण जेमतेम पहिले २४ तास, आणि तेही तासागणिक कमी होत. ३५ किलोच्या वासराच्या पोटात त्या दिवशी साडेतीन लिटर चीक जायला हवा, त्यातला बराचसा पहिल्या दोन तासांतच. जार पडेपर्यंत वासराला कासेला लावायचं नाही, असं मानणारे गोठे अजूनही आहेत. ती वाट बघणं वासराच्या जिवावर बेततं.

वडी धरते तीही मुख्यतः याच प्रथिनांमुळे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती ओसरतात, म्हणून त्या दुधाचा खरवस पातळसर राहतो. म्हणजे खरवसाला उत्तम तो चीक वासराला सगळ्यात गरजेचा. आधी वासरू, उरेल तो आपला. यात तडजोड नको.

डुकरिणीच्या पिल्लांचंही असंच. एका वेताला दहा-बारा पिल्लं, अंगात चरबी जवळजवळ नाही, आणि सगळी मदार पहिल्या दिवसाच्या चिकावर.

असा हा चीक कासेत जे असेल ते घेऊन येतो, औषधसुद्धा. व्यायच्या सुमारे दोन महिने आधी गाय आटवतात. तेव्हा कासदाह होऊ नये म्हणून सडांत प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात. औषध कासेत आठवडेच्या आठवडे टिकावं असंच बनवलेलं असतं. गाय दिवस भरून व्याली तर अंश फारसा उरत नाही. पण ती लवकर व्याली, आटवायला उशीर झाला, किंवा व्यायच्या तोंडावर इंजेक्शन द्यावं लागलं, तर ते औषध चिकात उतरतं.

वासराच्या आतड्यात जिवाणूंची वस्ती बसते ती याच दिवसांत. औषधाचा थोडासा अंश सगळ्यांना मारत नाही. नाजूक जिवाणू जातात, औषधाला न जुमानणारे उरतात आणि शेणावाटे गोठाभर पसरतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१७ साली हेच बजावलं: आटवणीनंतरचा ठरलेला काळ पूर्ण झाला असेल तर चिकाची भीती नाही, उपचार चालू असलेल्या गायीचं दूध पाजलं तर वासरांच्या शेणात असे जिवाणू वाढतात. डुकरिणीला व्यायच्या सुमारास औषध दिलं तर पिल्लांच्या आतड्यातली वस्तीही बदलते.

औषधाशी पुण्याचं भांडण असायचं कारण नाही. शेजारी पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं, आणि तिथल्या पेनिसिलिननं देशभर माणसं वाचवली. कासदाह झालेल्या गायीलाही औषध मिळालंच पाहिजे. घोळ होतो तो तारखांचा. औषधानंतर दूध किती दिवस वापरायचं नाही, हे लेबलवर छापणं भारतात २०१२ पासून बंधनकारक आहे. छापलेलं नसेल तर दुधासाठी किमान ७ दिवस धरायचे. ते लेबल गोठ्यात वाचलं जातं का, हा खरा प्रश्न आहे.

गोठेवाल्यांनो, ट्यूब सोडाल त्या दिवशीच तारीख भिंतीवर खडूनं लिहा. गाय मुदतीआधी व्याली तर तिचा चीक खरवसाला देऊ नका. वाफवल्यानं औषध पुरतं जात नाही. वासराला औषध न दिलेल्या निरोगी गायीचा चीक पाजा. त्यासाठी चांगला चीक बाटल्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा; तो कित्येक महिने टिकतो. वितळवताना कोमट पाण्यात ठेवा, उकळू नका. आणि खरवस घेणाऱ्यांनी दुकानदाराला एवढं जरूर विचारावं: चीक कुठल्या गोठ्यातला, आणि वासरू प्यायलं का?