सामना हरवला

२०१२ चा रमजान ऐन पावसाळ्यात आला होता आणि त्याच दिवसांत लंडनचं ऑलिंपिक चालू होतं. इफ्तार उरकून चहाचा कप घ्यायचा, टीव्हीसमोर बसायचं, सायना नेहवालचा सामना असला तर इशाची नमाज जरा उशिरा पढायची, असं आमच्या घरी चाललेलं. बी.एड. करून उर्दू शाळेत लागून मला दोन-तीन वर्षं झाली होती. शिकवायचे मराठी, पण मुलींबरोबर बाहेरगावी जायला कोणी बाई हवी म्हणून बॅडमिंटनचा संघही माझ्याच गळ्यात आला होता. घरचे म्हणायचे, "टीचर साथ है ना, तो भेजते." त्या एका वाक्यावर आमचा संघ उभा होता.

१ ऑगस्टच्या रात्री बातमी आली. महिला दुहेरीतल्या चार जोड्या, म्हणजे आठ खेळाडू, स्पर्धेतून बाद. एक चीनची, दोन दक्षिण कोरियाच्या, एक इंडोनेशियाची. गुन्हा काय, तर आदल्या दिवशी त्या जिंकण्यासाठी खेळल्याच नव्हत्या.

वेम्बली अरीनामधली ती दृश्यं पुन्हा पुन्हा दाखवत होते. वांग श्याओली आणि यू यांग, याच सभागृहात वर्षभरापूर्वी जगज्जेत्या झालेल्या, सर्व्हिस सरळ जाळीत मारत होत्या. समोरच्या कोरियन जोडीलाही जिंकायचं नव्हतं, त्याही फूल बाहेर घालवत होत्या. पहिल्या गेममधली सगळ्यात लांब रॅली चार फटक्यांची. प्रेक्षक हुर्यो उडवत होते. पंचप्रमुख कोर्टवर येऊन तंबी देऊन गेले. शेवटी कोरियन जोडी २१-१४, २१-११ अशी जिंकली, बिचाऱ्यांना जिंकावंच लागलं.

कारण समजायला मला वहीत तक्ता काढावा लागला. त्या वर्षी ऑलिंपिकमध्ये दुहेरी पहिल्यांदा गटवार झाली. त्याच दिवशी डेन्मार्कच्या जोडीने चीनच्या तियान छिंग आणि झाओ युनलेई यांना अनपेक्षितपणे हरवलं आणि त्या गटात दुसऱ्या आल्या. आता वांग-यू गटात पहिल्या आल्या असत्या, तर आपल्याच देशाच्या जोडीशी उपांत्य फेरीत गाठ पडली असती. दुसऱ्या आल्या तर थेट अंतिम सामन्यात. नंतरच्या सामन्यात दुसरी कोरियन जोडी आणि इंडोनेशियाच्या ग्रेसिया पोली-मेलियाना जौहरी यांनीही तेच केलं, कारण तिथे जिंकणाऱ्याला पुढे वांग-यूशी खेळावं लागणार होतं.

आपल्या ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा त्याच स्पर्धेत तीनपैकी दोन सामने जिंकून, तीन जोड्यांच्या बरोबरीत, अवघ्या एका गुणाने बाहेर गेल्या. जपानी जोडी तैवानच्या जोडीकडून हरली त्याबद्दल भारताने तक्रार केली, ती फेटाळली गेली. आणि गटात एकही सामना न जिंकलेल्या कॅनडा आणि दक्षिण आफ्रिकेच्या जोड्या रिकाम्या जागांवर उपांत्यपूर्व फेरीत! कॅनडाची तर पुढे उपांत्य फेरीतही पोचली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी तावातावाने बोलले होते. नियमात बसवून केलेली बेईमानी ही बेईमानीच, वगैरे. एक सहकारी शांतपणे म्हणाले, "मॅडम, सुवर्ण कसं मिळेल याचा हिशोबच केला ना त्यांनी?" मी त्यांच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

चार वर्षांनी आमचा संघ एका शालेय स्पर्धेला गेला. दोन गट, प्रत्येकी चार जोड्या. आमच्या आठवीतल्या दोघी पहिले दोन्ही सामने जिंकल्या. तेवढ्यात कळलं, पलीकडच्या गटातली सगळ्यात तगडी जोडी एक सामना गमावून दुसरी आली आहे. आमच्या मुली पहिल्या आल्या, तर गाठ तिच्याशीच.

मी तक्ता काढला. पुन्हा एकदा.

दोघींना पाण्याच्या टाकीजवळ बोलावलं आणि म्हटलं, शेवटचा सामना जरा सैल सोडा. मोठी गप्प राहिली. धाकटी म्हणाली, "टीचर, जानबूझ के हारना कैसा? वो तो आपने सिखायेच नै."

मी काय उत्तर दिलं ते मला नीट आठवतं, पण इथे लिहवत नाही.

त्या हरल्या. फार वाईट हरल्या, कारण नाटक त्यांना जमत नव्हतं. समोरच्या मुली गावाकडच्या जिल्हा परिषद शाळेच्या, त्यांचा तो एकमेव विजय. एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. आमची धाकटी त्यांच्याकडे पाहत रॅकेटची तार नखाने ओढत उभी होती. उपांत्य फेरीत आमच्या दोघी हरल्याच, या वेळी खरोखर. तगडी जोडीही पुढे जिंकली नाही, पण तो मुद्दा नाही. त्या दिवसानंतर मी मुलींना फूल वर ठेवायला सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाहत नसे.

ऑलिंपिकने आपलं दुरुस्त करून घेतलं. रिओपासून गटात दुसऱ्या आलेल्यांसाठी नव्याने सोडत निघू लागली, म्हणजे हरून कोणाच्या वाट्याला जाल ते आधी कळतच नाही. नियमाला एवढंच करता येतं.

२ ऑगस्ट २०२१. शाळा बंद, वर्ग मोबाइलवर. टोकियोत आदल्या दिवशी सिंधूने कांस्य घेतलं होतं म्हणून मी बॅडमिंटन लावलं, तर महिला दुहेरीचा अंतिम सामना आणि कोर्टवर तीच ग्रेसिया पोली. तेहतीस वर्षांची, सोबत वयाने बरीच लहान अप्रियानी राहायू. भर रॅलीत ग्रेसियाच्या रॅकेटची तार तुटली. ती धावत कडेला गेली, दुसरी रॅकेट उचलली आणि परत येऊन तो गुण जिंकला. २१-१९, २१-१५. इंडोनेशियाला महिला दुहेरीचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. नऊ वर्षं ती वेम्बलीचा डाग घेऊन खेळत राहिली होती.

मी धाकटीला व्हॉट्सअॅपवर तो प्रसंग पाठवला आणि खाली लिहिलं, "उस दिन मेरी गलती थी. माफ करना." ती तेव्हा डी.एड.ला होती. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर रात्री आलं: "टीचर, वो निबंध है क्या आपके पास?"

होता. स्पर्धेनंतर मी वर्गाला 'माझा अविस्मरणीय दिवस' लिहायला दिला होता, तिने त्याच सामन्यावर लिहिलं होतं, आणि ते पान मी कपाटात ठेवलं होतं. उर्दू माध्यमाची मुलं नेहमी करतात ती चूक तिनेही केली होती. 'हरलो' लिहायच्या जागी 'हरवला': "आम्ही तो सामना हरवला." मी लाल पेन टेकवलं होतं, कागदावर एक ठिपका उमटला आहे. पुढे खूण केलेली नाही.

फोटो काढून तिला पाठवला.