कळंबचं पाणी शंभरला उकळत नाही

कळंबमध्ये पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळत नाही. ते ९८च्या आसपास उकळतं. आपलं गाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाण्याचा उत्कलनबिंदूही खाली. साधारण तीनशे मीटर वर चढलं की एक अंश उतरतो, एवढा सोपा हा हिशेब आहे. तरीही माझ्याकडे तपासायला येणाऱ्या प्रात्यक्षिक वह्यांमध्ये पानोपानी १०० लिहिलेलं असतं. तापमापी ९८ दाखवत असते, मुलगी ते डोळ्यांनी पाहते आणि वहीत १०० लिहिते, कारण पुस्तकात १०० आहे.

रसायनशास्त्राची शिक्षिका म्हणून मला याचं फार वाईट वाटतं. तिने वाचलेला आकडा बरोबर होता. बर्फाच्या पाण्यात तीच तापमापी शून्य दाखवते का, एवढं तपासलं असतं तर ९८वर तिला ठामपणे उभं राहता आलं असतं. म्हणून अकरावी-बारावीच्या वर्गाला मी जादा गुणांचे प्रकल्प देते, तेव्हा अट एकच असते. उत्तर कळंबचं पाहिजे. पुण्याच्या किंवा दिल्लीच्या मुलाने केला तरी जसाच्या तसा निघेल असा प्रकल्प मला नको. थर्माकोलचा रेणू नको, छापून आणलेला आवर्तसारणीचा तक्ता नको. बोर्डाच्या गुणपत्रिकेत या गुणांना जागा नाही. ते मी वर्गाच्या चाचण्यांमध्ये धरते. पण मुलं त्यासाठी जीव तोडून काम करतात, हे मी पाहत आले आहे.

आपल्या भागात दहावीनंतर हुशार मुलं लातूरला जातात. लातूर पॅटर्नने, म्हणजे तिथल्या परीक्षांच्या तयारीच्या पद्धतीने, या मराठवाड्यातून कितीतरी डॉक्टर-इंजिनिअर घडवले, त्याबद्दल मला आदरच आहे. पण चार पर्यायांतला एक निवडायची सवय लागली की ज्याचं उत्तर पर्यायांमध्ये नाही, असा प्रश्न समोर आला की मूल बावरतं. आणि आपल्या शिवारातले सगळे प्रश्न तसेच आहेत.

चुनखडीचंच घ्या. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी चुन्याच्या रानात लाखो भाविक चुनखडीचे खडे वेचतात. आमच्या बहुतेक मुलांनी आजीचं बोट धरून ते खडे वेचलेले असतात. तोच पदार्थ पुस्तकात कॅल्शियम कार्बोनेट म्हणून भेटतो तेव्हा मात्र ओळख पटत नाही. मी विचारते, हा खडा आला कुठून? आपला खडक काळा बेसॉल्ट, जमीन काळी, मग पांढरा खडा कसा? उत्तर शोधताना मुलं अर्धं रसायनशास्त्र फिरून येतात. बेसॉल्टमधल्या खनिजांत कॅल्शियम असतं. पावसाचं पाणी जमिनीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरतं, आम्लधर्मी होतं आणि ते कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात सोडवून घेतं. आपल्याकडे पाऊस कमी आणि ऊन भरपूर. पाणी उडून जातं, कार्बन डायऑक्साइड निसटतो, मागे कार्बोनेटचा खडा राहतो. कोकणात पाऊस एवढा पडतो की कॅल्शियम धुऊन जातं, म्हणून तिकडच्या लाल मातीत हे खडे मिळत नाहीत.

मग प्रश्न येतो, माझ्या शेतातल्या खड्यात कार्बोनेट किती टक्के? हा माझा सर्वांत आवडता प्रकल्प. देवीचा म्हणून वेचलेला खडा प्रयोगाला घ्यायचा नाही, बांधावरचा घ्यायचा, एवढं मी आधीच सांगते. खडा खलबत्त्यात बारीक करायचा. हल्ली ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारे छोटे डिजिटल काटे स्वस्तात मिळतात, त्यावर ०.१ ग्रॅम पूड तोलायची. औषधाच्या दुकानातून ५० मिलिलिटरची सिरिंज आणायची, ती रबरी बुचाच्या बाटलीला नळीने जोडायची. बाटलीत किराणा दुकानातलं दहा मिलिलिटर व्हिनेगर. कागदाच्या पुडीतली भुकटी व्हिनेगरमध्ये पडू द्यायची आणि लगेच बूच दाबायचं. फसफस सुरू होते आणि दट्ट्या आपोआप मागे सरकू लागतो. हे पाहताना मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठीच मी शिकवते.

आकडेही सुंदर जुळून येतात. कॅल्शियम कार्बोनेटचं रेणुवस्तुमान १००, त्यातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं ४४, भाजलं तर मागे उरणाऱ्या चुन्याचं ५६. म्हणजे ०.१ ग्रॅम शुद्ध पदार्थातून एक मिलिमोल वायू. पुस्तकातला मोलला २२.४ लिटरचा आकडा धरला तर २२.४ मिलिलिटर. पण तो आकडा शून्य अंश तापमानाचा आणि समुद्रसपाटीच्या दाबाचा. कळंबमध्ये ३० अंशाच्या दुपारी तेवढाच वायू जवळजवळ २७ मिलिलिटर जागा व्यापतो. समजा सिरिंज २० मिलिलिटरवर थांबली. पुस्तकी आकड्याने खडा ८९ टक्के शुद्ध ठरेल, कळंबच्या हिशेबाने सुमारे ७४ टक्के. फरक केवढा मोठा आहे पाहा. उत्कलनबिंदूत दोनच अंशांचा वाटलेला दाब इथे पंधरा टक्क्यांनी बोलतो, अर्थात तापमानाला सोबत घेऊन.

मुलांनी आपापला मार्ग काढावा म्हणून मी इथे थांबते. कुणीतरी हमखास विचारतं, मॅडम, प्रयोगशाळेतला शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट त्याच सिरिंजमध्ये, त्याच दुपारी टाकून पाहिला तर? मग दाब माहीत असायची गरजच नाही, दोन्ही वाचनांचं गुणोत्तर पुरे. व्हिनेगरमध्ये थोडा वायू विरघळून जातो, ती चूकही दोन्हीकडे जवळपास सारखीच राहते. हा विचार ज्याला सुचला त्याला मी पूर्ण गुण देते, खड्याचं उत्तर काहीही येवो. काही जण फळ्याचा खडू घेऊन येतात आणि तो फसफसत नाही म्हणून हिरमुसतात. खडू बहुधा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो. ती निराशाही वहीत जशीच्या तशी यायला हवी. अंड्याचं कवच आणा, ते छान फसफसतं.

इंटरनेटबद्दल माझं मत इथूनच बनलं. हवामानाचं अॅप उघडलं की कळंबचा दाब १०१० हेक्टोपास्कलच्या आसपास दिसतो. मुलं तो आकडा सूत्रात घालतात. पण अॅपमधला दाब समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो, वेगवेगळ्या गावांची तुलना करता यावी म्हणून. आपल्या अंगणातला खरा दाब ९४०च्या आसपास असतो. अॅपचा आकडा खोटा नाही, पण तो आपल्या बाटलीतला नाही. चॅटबॉटला विचारलं तर पाणी १००ला उकळतं असंच तो बहुधा सांगेल. त्याला कळंबची उंची सांगून पुन्हा विचारलं तर दुरुस्त उत्तर मिळू शकेल. प्रश्न विचारणाऱ्याला आपली उंची ठाऊक हवी.

तरी मोबाइलवर उत्तम साधनं आहेत आणि ती मी मुलांना आवर्जून देते. कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट प्रकल्प नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ साली सुरू केला. त्यातल्या अनेक प्रतिकृती मराठीत आहेत, फुकट आहेत आणि एकदा उतरवून घेतल्या की रेंज नसतानाही चालतात. वायूंची प्रतिकृती दाबाची कल्पना जितकी स्वच्छ देते, तितकी मला फळ्यावर देता येत नाही. अमृता विद्यापीठ आणि मुंबईच्या सी-डॅकने मिळून केलेल्या ओलॅब्जवर टायट्रेशन, मिठांचं पृथक्करण घरबसल्या करून पाहता येतं. ब्युरेट कधी हातात न धरलेल्या मुलाला पहिल्या तासाआधी मी हे पाहायला लावते. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या पीरियॉडिक व्हिडिओजमध्ये सोडियम, ब्रोमीन, सिझियम असे पदार्थ दिसतात जे आपल्या प्रयोगशाळेत हाताळणं शक्य नाही किंवा शहाणपणाचं नाही. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकांचा खजिना आहे. बालभारतीची सगळी पुस्तकं उतरवून घेता येतात.

एवढं असूनही पडद्यावरच्या टायट्रेशनला मी जादा गुण देत नाही. तिथे तीन वाचनं तंतोतंत जुळतात. खऱ्या ब्युरेटवर ती क्वचितच जुळतात, आणि का जुळली नाहीत याचा शोध घेण्यातच मूल घडतं. पडद्याने हात तयार करावा, उत्तर बाटलीतूनच यावं.

टायट्रेशनचा विषय निघालाच आहे तर हिराकसाबद्दल सांगते. चुनखडीच्या रानात ऊस केवडा पडतो, पानं पिवळी-पांढरी होतात, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात माहीत असतं. जमिनीत लोह भरपूर असतं, पण चुन्याने माती अल्कधर्मी झाल्यामुळे ते अविद्राव्य रूपात अडकून बसतं. म्हणून हिराकस फवारतात. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, आणि फेरस लोहाचं पोटॅशियम परमँगनेटशी टायट्रेशन बारावीच्या मुलाला येतंच. शुद्ध हिराकसात वजनाने २० टक्के लोह. दमट हवेत उघडी राहिलेली पिशवी हिरवी होती ती तपकिरी होत जाते, म्हणजे फेरसचं फेरिक होतं. मग घरातल्या कोठीत गेल्या हंगामापासून पडलेल्या पिशवीत कामाचं लोह किती उरलं? एका विद्यार्थ्याने हे मोजून वडिलांना सांगितलं आणि त्या घरात पिशवीचं तोंड बांधायची पद्धत बदलली. असं उत्तर मिळाल्यावर मुलाला रसायनशास्त्र कशाला शिकायचं हे कुणी सांगावं लागत नाही.

पाण्याचे प्रकल्प मी उन्हाळा-पावसाळा दोन्हीकडे देते. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा आपलं मांजरा धरण कोरडं होतं. त्या काळाची आठवण असलेल्या प्रयोगशाळेत नळ सोडून ठेवणं मला सहन होत नाही. आम्ही शक्य ते प्रयोग थेंबांवर करतो: फ्लास्कऐवजी छोट्या परीक्षानळ्या, ब्युरेटऐवजी ड्रॉपर. बोअरच्या पाण्याची कठीणता थेंबांनी चांगली मोजता येते. साधा अंगाचा साबण बॅटरीच्या, म्हणजे निर्क्षारित पाण्यात विरघळवायचा. शॅम्पू किंवा कपड्यांची पावडर चालत नाही, ती जड पाण्यातही फेसाळते. ठरावीक पाण्यात फेस एक मिनिट टिकेपर्यंत थेंब मोजायचे, आणि ज्याची कठीणता माहीत आहे अशा कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणाशी तुलना करायची. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरं पाणीच नसेल तर ६००पर्यंत चालते. या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, अशी आईची तक्रार असते. पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरतं, म्हणून ती शिजत नाही. एका मुलीने चार बोअरच्या पाण्यात मोजून डाळ शिजवली आणि कठीणतेपुढे मिनिटांचा आलेख काढला. बाह्य परीक्षकांनी तिला तोंडी परीक्षेत दुसरं काहीच विचारलं नाही.

खव्याबद्दल एक गोष्ट मी कडकपणे सांगते. भूम, वाशी, कळंब हा खव्याचा मुलूख, आणि दिवाळीत भेसळीच्या बातम्या आल्या की मुलांना आयोडीनची परीक्षा करायची असते. ती सोपी आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची डार्ट नावाची पुस्तिका इंटरनेटवर मोफत आहे, तीत सगळी कृती दिली आहे. खवा पाण्यात उकळायचा, पूर्ण थंड करायचा, मग आयोडीनचा थेंब. निळा रंग आला तर पिठूळ पदार्थ आहे. गरम असताना टाकलं तर रंग दिसत नाही. पण नमुना स्वतःच्या घरचा घ्यायचा, आणि अहवालात कोणत्याही दुकानाचं नाव लिहायचं नाही. एका थेंबावर कुणाची भाकरी हिरावायचा अधिकार विद्यार्थ्याला नाही, शिक्षकालाही नाही.

फटाक्यांची दारू घरी मिसळायला मी कधीच परवानगी देत नाही. रंग पाहायचे असतील तर प्रयोगशाळेत या. स्ट्राँशियमची ज्योत लाल, बेरियमची हिरवी, तांब्याची निळसर हिरवी. फुलबाजीतला पांढरा झगमगाट अॅल्युमिनियमचा, फुलं लोखंडाच्या कणांची. हे ज्योतीवर पाहिलं की पुरतं. भाजलेल्या कळीच्या चुन्यावर पाणी टाकायचा प्रयोगही शिक्षक समोर असल्याशिवाय नाही. तो डोळ्यांत गेला तर इजा कायमची होऊ शकते.

यंदाच्या सुट्टीसाठी एक काम ठरवलं आहे. प्रत्येकाने आपल्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून आणायचं, हवेची पोकळी न ठेवता. चिठ्ठीवर तारीख, शिवाराचं नाव, पाण्याची पातळी. एक भाग उकळून, एक भाग न उकळता, दोन्हींची कठीणता. फरक तो तात्पुरत्या कठीणतेचा. सोबत त्या घरी पाणी किती अंशाला उकळलं तेही, बर्फाच्या पाण्यात तापमापी तपासून. लातूरला शिकायला गेलेल्या मुलांनीही यात यावं. दिवाळीला घरी आल्यावर पहिली बाटली भरावी, आणि चैत्रात येरमाळ्याच्या यात्रेला येतील तेव्हा त्याच विहिरीची दुसरी.