गुडघ्याला बाशिंग

उतावळ्या नवऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधल्याची म्हण आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. त्या नवऱ्याची हेटाळणी मीही पुष्कळ केली आहे. परंतु वयाची पस्तिशी ओलांडल्यावर, दोन मुलांचा बाप आणि केंद्र सरकारच्या सेवेतला एक पापभीरू लिपिक असताना, दिल्लीच्या द्वारकेतील भाड्याच्या बिऱ्हाडात आरशासमोर दोन्ही गुडघ्यांना काळी बाशिंगे बांधून उभे राहण्याचा प्रसंग माझ्यावर येईल, असे मला कुणी सांगितले असते तर मी ते हसण्यावारी नेले असते. "वरात कुठवर जाणार आहे?" असे सौभाग्यवतीने स्वयंपाकघराच्या दारातून विचारले. वरात अरवलीच्या डोंगरात जाणार होती आणि मी घोड्याऐवजी सायकलवर बसणार होतो.

आमची द्वारका समुद्रकाठची नव्हे. दिल्लीच्या नैर्ऋत्येला पप्पनकलाँ नावाच्या गावाच्या परिसरात आखलेले हे उपनगर. ३१ डिसेंबर २००५ रोजी येथवर मेट्रो आली आणि आमच्यासारख्या कारकुनांना दूरच्या कचेऱ्या जवळ झाल्या. ज्या नगरीचे नाव ह्या उपनगराला लाभले ती श्रीकृष्णाने जरासंधाच्या स्वाऱ्यांपासून यादवांचे रक्षण व्हावे म्हणून वसवली, असे पुराणे सांगतात. संरक्षणाचा विचार असा ह्या नावातच आहे. तो माझ्या गुडघ्यांपर्यंत पोहोचायला मात्र वेळ लागला.

येथले रस्ते रुंद आणि सरळ आहेत. पण ते सपाट आहेत, आणि माझे दुखणे तेच होते. माझे बालपण वाईला गेले. वडिलांची काळी सायकल चोरून पसरणीच्या घाटात ढकलत न्यायची आणि पाय वर घेऊन खाली सोडून द्यायची, हा आमचा सुटीतला उद्योग असे. कितीदा गुडघे फुटले, कितीदा आईने दगडी पाला चुरडून त्यावर बांधला, ह्याची गणती नाही. दिल्लीला आल्यावर दहा वर्षांत मी इथली थंडी सोसली, धूळ सोसली, भाषाही आपलीशी केली. पण डोळ्यांना चढ दिसत नाही ह्याची चुटपुट काही गेली नाही. म्हणून आमच्या इमारतीतले एक गढवाली गृहस्थ दर रविवारी पहाटे मोटारीच्या टपावर सायकल बांधून अरवलीत जातात असे कळले, तेव्हा मी त्यांचा पिच्छाच पुरवला.

डोंगरातली सायकल हा खेळ तसा अलीकडचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी १९७६ साली जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन एका डोंगरउतारावर शर्यती लावल्या, तेथून त्याची परंपरा सांगतात. उतरताना त्यांच्या सायकलींचे ब्रेक इतके तापत की आतले वंगण जळून जाई आणि दर खेपेला ते नव्याने भरावे लागे. अवघ्या वीस वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, ह्या खेळाला स्थान मिळाले. पसरणीच्या घाटात आम्ही पोरे जे करत होतो त्याला इतकी प्रतिष्ठा आहे, हे वडिलांना ठाऊक असते तर दोनचार छड्या तरी वाचल्या असत्या.

अरवली मात्र सह्याद्री नव्हे. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. इथला गारगोटीच्या जातीचा खडक शंभर कोटी वर्षांहून जुना. तो फुटतो तो धारदार कडा घेऊनच. त्यातून गुडगाव-फरीदाबादकडच्या टेकड्यांत पूर्वी खाणी होत्या. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथले खाणकाम थांबवले. खड्डे आणि खडीने भरलेल्या वाटा मात्र राहिल्या. दोन्ही बाजूंना विलायती किकराचे काटे आणि चाकाखाली सुटी खडी अशा वाटेवर माणूस पडतो तो बहुधा एका कुशीवर, आणि प्रथम टेकतो तो गुडघा.

गुडघ्याची रचना ह्या बाबतीत मोठी दुबळी आहे. मांडीला मांस आहे, पोटरीला मांस आहे. गुडघ्याच्या वाटीवर मात्र कातडीखेरीज फारसे पांघरूण नाही. ही वाटी मांडीच्या स्नायूंच्या कंडऱ्यात बसवलेली असते आणि पाय सरळ करताना त्या स्नायूंना तरफेसारखी मदत करते. ती दुखावली की जिना, पाट, पंगत, देवपूजा सारेच दुरावते. गढवाली गृहस्थांनी पहिल्याच दिवशी मला बजावले, "डोक्याला शिरस्त्राण आणि गुडघ्याला कवच असल्याशिवाय मी तुम्हाला बरोबर नेणार नाही."

खरेदी हा तर माझ्या रोजच्या कामाचा विषय. कचेरीत तीन दरपत्रके मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा आणि सर्वांत कमी दराच्या पुरवठादाराच्या बाजूने टिप्पणी लिहायची, ह्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्याच शिरस्त्याने मी गुडघ्यांचीही खरेदी केली. बाजारात तीन नमुने पाहिले. दोन महाग होते. तिसरा टणक प्लॅस्टिकच्या वाटीचा, मागे दोन पट्टे असलेला, सर्वांत स्वस्त होता. माप विचारले तेव्हा दुकानदार म्हणाला, "सगळ्यांना बसतं." सगळ्यांना बसणारी वस्तू कुणालाच नीट बसत नाही, एवढे मला सरकारी खुर्चीवरून तरी कळायला हवे होते.

ते कवच घालून मी तीन रविवार सायकल चालवली. सपाटीवर उभा राहिलो की ते शोभून दिसे. पायडल मारू लागलो की पाच मिनिटांत खाली घसरून नडगीवर बसे. घसरू नये म्हणून पट्टे आवळले तर गुडघ्याच्या मागच्या लवणीत काचत आणि पाय बधिर होई. ह्याचा हिशेब मी मागाहून केला. मिनिटाला सत्तर फेरे धरले तर तासाभरात एकेक गुडघा ४,२०० वेळा वाकतो. एका शिवणीने एकदा घासले तर कळतही नाही. चार हजार वेळा घासले की ती करवत होते. चौथ्या रविवारी मी चढावर दोन्ही कवचे काढली आणि सायकलच्या दांड्याला अडकवली. उतार आला की घालू, असा विचार होता. उतार आला, पण थंडगार वारा लागत होता, पाय मोकळे वाटत होते आणि थांबण्याचा कंटाळा आला.

नोव्हेंबरातली ती सकाळ होती. पुढचे चाक खडीत रुतले आणि मी उजव्या गुडघ्यावर पडलो. पडता पडता दांड्याला लोंबणारी ती कवचे मला स्पष्ट दिसली. त्यांना ओरखडाही उठला नाही. मला सात टाके पडले. वाटी थोडक्यात वाचली असे डॉक्टर म्हणाले आणि बरेच दिवस गुडघा वाकवायचा नाही असे त्यांनी बजावले.

त्याच महिन्याच्या अखेरीस वडिलांचे वर्षश्राद्ध होते.

मी थोरला. वडील गेले तेव्हा दिल्लीहून पोहोचायला मला उशीर झाला होता. अंत्यदर्शन घडले नाही. हे श्राद्ध तरी यथासांग करायचे, असे मी वर्षभर मनाशी घोकले होते. परंतु वाईच्या घरी पाट मांडला आणि मला त्यावर मांडी घालता येईना. भटजी समजूतदार होते. "खुर्चीवर बसा, हरकत नाही," ते म्हणाले. धाकटा भाऊ पाटावर बसला, आणि मी त्याच्या मागे, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा, प्लॅस्टिकच्या खुर्चीत पाय लांब करून बसलो. पिंडांवर पाणी सोडायला मी पुढे वाकलो, तेव्हा भावाला माझा हात धरून पोहोचवावा लागला. कुणी मला एका शब्दाने बोलले नाही. बोलले असते तर बरे वाटले असते.

संध्याकाळी मी माजघरात पडलो होतो. आई भिंतीचा आधार घेत, एकेक पाऊल टाकत आली. तिचे गुडघे गेली पाच-सहा वर्षे दुखतात. डॉक्टरांनी चालताना पट्टा बांधायला सांगितले होते. तो मीच दिल्लीहून चांगल्या प्रतीचा घेऊन पाठवला होता. तो खुंटीला टांगलेला दिसला.

"पट्टा बांधत नाहीस?" मी विचारले.

"काचतो रे," ती म्हणाली. "आणि तूही तुझा दांड्यालाच टांगला होतास ना?"

सूनबाईंकडून बातमी पोहोचली होती तर! मी निरुत्तर झालो. थोड्या वेळाने शिवणाच्या डब्यातली टेप मागवली आणि आईच्या मांडीचा घेर मोजला. मग पट्ट्याच्या आतली चिठ्ठी वाचली. पट्टा तिच्या मापापेक्षा एका क्रमांकाने लहान होता. मी तो मोजमाप न विचारता, अंदाजाने घेतला होता. दोन वर्षे ती तो बांधत होती, सोडत होती आणि फोनवर मला "छान आहे हो" असे सांगत होती. लेकाने लांबून पाठवलेली वस्तू वाईट आहे असे कोणती आई सांगेल?

दिल्लीला परतल्यावर टाके काढून झाले आणि मी कवचाची खरेदी पुन्हा केली, ह्या खेपेस टिप्पणी न लिहिता. गढवाली गृहस्थ बरोबर होते. पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती मापाची. वाटीच्या मध्यापासून दहा ते पंधरा सेंटिमीटर वर मांडीचा घेर घ्यायचा. किती वर, ते त्या त्या कंपनीच्या तक्त्यात पाहायचे. काही कंपन्या पोटरीचेही माप मागतात. दुसरी गोष्ट जातीची. टणक कवचाची वाटी खडकावर अडकत नाही, घसरून जाते. भयंकर उतारावर, जेथे वर जायचे काम मोटार करते, तेथे तेच उत्तम. माझ्यासारख्याने, ज्याला चढही स्वतःच चढायचा आहे, त्याने मोज्यासारखे ओढून घालायचे मऊ कवच घ्यावे. त्याच्या पुढच्या खिशात एक विशेष गादी असते. मक्याचे पीठ पाण्यात दाट कालवले तर हळू ढवळताना ते वाहते आणि मूठ मारली की दगड होते. ह्या गादीचा गुण काहीसा तसाच आहे. गुडघा वाकताना ती लवते, आघात होताच कठीण होते. ब्रिटनमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या डी-थ्री-ओ ह्या कंपनीने हा प्रकार फार प्रसिद्धीस आणला.

तिसरी गोष्ट परीक्षेची. मोटारसायकलस्वारांसाठी युरोपात ईएन १६२१-१ नावाचे एक मानक आहे. सायकलची चांगली कवचेही त्याचा दाखला देतात. पाच किलोचे वजन साधारण एक मीटरवरून टाकावे एवढा आघात करायचा आणि पलीकडे किती बल पोहोचते ते मोजायचे. सरासरी ३५ किलोन्यूटनांपर्यंत पोहोचले तर पहिली श्रेणी, २० पर्यंतच पोहोचले तर दुसरी. दुसरी श्रेणी अधिक सुरक्षित, पण बहुधा अधिक जाड व उष्ण. दिल्लीच्या मे महिन्यात, पारा ४४ अंशांवर असताना, ती अंगावर राहील का, हा विचार आधी करायचा. मी पहिली श्रेणी घेतली. आणि ही कवचे आघात व खरचटणे तेवढे अडवतात. पाय पिरगळला तर आतले अस्थिबंध वाचवत नाहीत, हेही त्या गृहस्थांनी मला स्पष्ट सांगितले.

चौथी परीक्षा दुकानातच द्यायची. मी कवच घालून स्टुलावर बसलो, उठलो, उकिडवा बसलो, दुकानाचा जिना चारदा चढलो-उतरलो. मागच्या लवणीला जाळीचे कापड असेल तर वारा लागतो आणि तेथे शिवण नसली तर घासत नाही. वरच्या कडेला आतून सिलिकॉनची पट्टी असते; ती घसरू देत नाही, पण काहींच्या कातडीला घामाने खाज आणते, म्हणून वीस मिनिटे तरी अंगावर ठेवून पाहायचे. धुण्यासाठी गादी बाहेर निघते की नाही हेही पाहायचे. नाही तर पंधरा दिवसांत घरातली मंडळी त्या वस्तूला बाहेर काढतात, आणि कधी कधी ती घालणाऱ्यालाही. दुकानदार कंटाळला. पण मी तासभर ते कवच घालून वावरलो आणि शेवटी ते पायात आहे हे विसरलो. तेव्हा पैसे दिले. पहिल्याच्या तिप्पट दिले.

मी पडलो त्या दिवशी कवच कितव्या श्रेणीचे होते ह्याला काडीचे महत्त्व नव्हते. ते पायात नव्हते, एवढेच खरे होते. आपण सुखसोय हा चैनीचा भाग समजतो आणि संरक्षण हा कर्तव्याचा. काचणारी वस्तू मात्र माणूस कर्तव्य म्हणून फार दिवस अंगावर ठेवत नाही. तो ती खुंटीला टांगतो, आणि बहुधा कुणाला सांगतही नाही.

नव्या कवचासह मी फेब्रुवारीत पुन्हा त्याच उताराला गेलो. एकदा पडलो, उठलो, धूळ झटकली. आता मांडी घालता येते. फार वेळ मात्र नाही, वीस-पंचवीस मिनिटांनी उजवा गुडघा आठवण करून देतो. पुढच्या वर्षीच्या श्राद्धाला तेवढा वेळ पुरेल का, ह्याचा मी घरात पाट मांडून सराव करतो आहे.

आईला मापाचा पट्टा पाठवला. आठ दिवसांनी फोन केला. "छान आहे हो," ती म्हणाली. मी भावाला फोन दे म्हणालो आणि त्याला खुंटीकडे बघून यायला सांगितले.

"खुंटी रिकामी आहे," तो म्हणाला.