मशीन सुटतं का?

आयसीयूत डायलिसिसचं मशीन ढकलत नेलं की नातेवाईक आधी मशीनकडे बघतात, मग माझ्याकडे. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : एकदा लागलं की कायमचं लागतं ना? भीती अगदीच उगाच नसते. गावातलं कुणीतरी आठवड्यातून दोनदा एसटीने डायलिसिसला जात असतं, आणि त्याचं मशीन सुटलेलं कुणी पाहिलेलं नसतं. पण त्याच्या किडन्या साखरेने नाहीतर बीपीने वर्षानुवर्षं झिजलेल्या असतात. आयसीयूतल्या माणसाच्या किडन्या बऱ्याचदा आठवड्यापूर्वी धडधाकट होत्या. जंतुसंसर्गाने, रक्तस्रावाने किंवा विषाने त्या बंद पडतात, आणि माणूस तगला तर बहुतेकदा पुन्हा चालू होतात. मशीन किडनी बरी करत नाही, तोवर रक्त साफ ठेवतं. मी डायलिसिस टेक्निशियन. एवढं सांगणं माझ्याही वाट्याला येतं.

बीडकडचा एक ऊसतोड कामगार घोणस चावून आमच्याकडे आला होता. पंचविशीतला पोरगा. फडात पहाटे अंधारात डसलेली. सापाची लस मिळाली होती, पण उशिरा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी ती लस रक्तातलं विष निष्प्रभ करते. किडनीचं आधीच झालेलं नुकसान ती भरून काढत नाही. लघवी आधी लालसर, मग थोडी थोडी, मग युरोबॅग कोरडीच. पोटॅशियम ६.८. इतकं झालं की हृदय कधीही थांबू शकतं.

"मशीन लावल्याबिगर न्हाई का भागत, सायेब?" वडिलांच्या हातात संमतीचा कागद होता.

एरवी आमचे डॉक्टरही घाई करत नाहीत. सुमारे ३,००० रुग्णांवरचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. डायलिसिस लवकर सुरू केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. उलट वाचलेल्यांपैकी नव्वद दिवसांनंतरही मशीनवर असलेले त्या गटात जास्त निघाले. म्हणजे त्या बापाच्या शंकेत थोडं तथ्य होतंच. पण ६.८ पोटॅशियम आणि औषधांनी ते उतरत नसताना थांबायला जागा नव्हती. "बाबा, आज नाही लावलं तर उद्या विचारायला पोरगा नसेल," असं डॉक्टर म्हणाले. सही झाली.

मानेत नळी बसली. बीपी टिकवायला औषध चालू होतं, त्यामुळे नेहमीचं चार तासांचं डायलिसिस त्याला झेपलं नसतं. बीपी पडलं की किडनीला आणखी मार बसतो. चोवीस तास चालणारं सीआरआरटी मशीन असतं, पण त्याच्या किट्सचा खर्च असल्या घरांना ऐकवतही नाही. मधला मार्ग म्हणजे स्लेड : तेच साधं मशीन, रक्ताचा वेग कमी, वेळ आठ तास. विषाने रक्त गोठत नव्हतं, म्हणून रक्त गोठू न देणारं हेपरिन द्यायचं नाही. पण मशीनच्या फिल्टरमध्ये रक्त गोठायला कमी करत नाही. दर अर्ध्या तासाला सलाइनने लाइन धुवायची, प्रेशरचा आकडा चढतोय का बघायचं, आणि जेवढं सलाइन आत गेलं तेवढं पाणी पुन्हा काढायचं. रात्रभर स्टुलावरून उठता येत नाही. आरओच्या पंपाची घरघर तेवढी सोबतीला.

पुढे एक दिवसाआड असंच चाललं. घोणशीच्या विषाने कधी कधी किडनीचा बाहेरचा थरच मरतो; मग ती पुरती परत येत नाही. लघवी लवकर उतरेना तेव्हा डॉक्टरांच्या बोलण्यात ती शक्यता यायला लागली. वडील रोज सिस्टरना एकच विचारत, "लघवी?" तिसऱ्या आठवड्यात बॅगेत दीडशे मिली दिसली, मग पाचशे, आणि नंतर एका दिवसात तीन लिटर. तेव्हा वडिलांना वाटलं, जिंकलो. आम्हाला वेगळी धास्ती : इतक्या लघवीबरोबर शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम वाहून जातं, आता ते खाली घसरू द्यायचं नव्हतं.

डिस्चार्जच्या वेळी क्रिएटिनिन २.१ होतं. मानेतली नळी निघालेली. दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं, असं समजावून झालं. वडिलांना आणखी एक कागद हवा होता. मुकादमाची उचल फिटायची होती आणि त्याचे फोन सुरू झाले होते. पोराला कोयता धरता येणार नाही असं डॉक्टरांनी लिहून द्यावं, म्हणाले. डॉक्टरांनी दीड महिना लिहिला आणि शिक्का ठळक उमटला का, ते वडिलांनी दोनदा तपासलं.