काळा धागा

तान्ह्या मुलाच्या मनगटाला काळा धागा बांधण्याच्या प्रथेविरुद्ध मी आजवर किती प्रवचने केली असतील, याची गणती नाही. स्नानसंस्कारासाठी आणलेल्या बाळाच्या पायात तो दिसला की माझ्या कपाळाला आठी पडते आणि बाळाची आजी झटकन दुपट्याने पाय झाकते. त्यामुळे आज मी एका काळ्या धाग्याविषयी कृतज्ञतेने लिहायला बसलो आहे हे वाचून आमच्या धर्मग्रामातील काही आज्या मनातल्या मनात हसतील. हसू देत.

आमच्याकडची एक मुलगी रविवारच्या मराठी मिस्सेत पहिले वाचन करीत असे. यशयाचा उतारा असो वा पौलाचे लांबलचक वाक्य, तिच्या तोंडून ते स्वच्छ आणि सावकाश बाहेर पडे. तीन वर्षांपूर्वी ती एकाएकी दिसेनाशी झाली. एक महिना गेला, दोन गेले. वाचकांच्या यादीत तिच्या नावापुढे फुल्या पडत गेल्या. एका रविवारी मिस्सेनंतर तिची आई पायऱ्यांवर भेटली. चार माणसे उभी होती. मी म्हणालो, "मुलगी मोठी झाली म्हणून देव लहान झाला का?" माउली काही बोलली नाही. ते वाक्य मला तेव्हा फार आवडले होते. आज आठवले की मान खाली जाते.

पुढच्याच आठवड्यात घरभेटींच्या निमित्ताने मी त्यांच्याकडे गेलो. सकाळचे अकरा वाजले होते. घरात पडदे ओढलेले, दूरदर्शन संच मुका, वडील वर्तमानपत्राचे पान उलटतानाही आवाज होऊ नये याची काळजी घेत होते. खाटेवर मुलगी झोपली होती. ती सकाळी सात वाजता कामावरून परतली होती. माझ्या चाहुलीने उठली, तोंड धुऊन समोर बसली. "काम तरी काय करतेस?" मी विचारले. थोडा विचार करून ती म्हणाली, "फादर, मी दोऱ्या पुसते."

मग तिने समजावून सांगितले. विज्ञानपटात माणूस आकाशातून झेपावतो, यान कोसळते, कोणी गुरुत्वाकर्षणाविना तरंगते. चित्रीकरणाच्या वेळी त्या नटाला तारांनी टांगलेले असते. सेकंदाला चोवीस चित्रे. प्रत्येक चित्रातून ती तार संगणकावर पुसायची आणि तारेमागे दडलेले आकाश पुन्हा भरून काढायचे. सात सेकंदांच्या एका दृश्याला तिला नऊ दिवस, खरे तर नऊ रात्री लागल्या होत्या. जिथे ती काम करीत होती त्या कचेरीचे नाव मी लिहीत नाही. उपनगरांत अशी कामे करणारी ठिकाणे पुष्कळ आहेत.

ते ऐकताना मला बाबूभाई मिस्त्री आठवले. तिने त्यांचे नाव ऐकले नव्हते. तिचा दोष नाही, हे नाव आता कोण घेतो?

एच. जी. वेल्स यांची अदृश्य माणसावरील कादंबरी १८९७ सालची. तिच्यावरचा इंग्रजी चित्रपट १९३३ मध्ये आला आणि चारच वर्षांनी, १९३७ मध्ये, विजय भट्ट यांनी 'ख्वाब की दुनिया' काढला. त्यांच्या प्रकाश पिक्चर्सचा स्टुडिओ आपल्या अंधेरीत होता. हातात ना संगणक, ना परदेशी यंत्रसामग्री. बाबूभाई तेव्हा जेमतेम विशीचे, सुरतेकडून आलेले. त्यांनी काळ्या पार्श्वभूमीपुढे काळा धागा ओढला, दिवे असे बेताने लावले की धागा विरून जावा, आणि वस्तू हवेत आपोआप हलू लागल्या. लोक थक्क झाले. चित्रपटसृष्टीने त्यांना टोपणनावच दिले, 'काला धागा'. सेमिनरीत आम्हाला देवदूतांच्या अदृश्य अस्तित्वावर बराच काळ शिकवले गेले. ते शिकवताना आमच्या प्राध्यापकांना अंधेरीचा हा धागा माहीत असता, तर उदाहरणाची सोय झाली असती.

त्यानंतर पन्नास वर्षांनी, मे १९८७ मध्ये, 'मिस्टर इंडिया' प्रदर्शित झाला. तेव्हा मी कनिष्ठ महाविद्यालयात होतो. आम्ही मित्रांनी तो पाहिला आणि बाहेर पडल्यावर प्रत्येकाने घड्याळाची कळ दाबून अदृश्य होण्याचा प्रयत्न केला. दिग्दर्शक शेखर कपूर, लेखक सलीम-जावेद, नायक अनिल कपूर, खलनायक अमरीश पुरी हे तर शाळकरी पोरालाही पाठ. यंत्राविषयी नायकाला सांगणारे वृद्ध प्राध्यापक म्हणजे अशोककुमार, आणि गंमत अशी की १९५७ च्या 'मिस्टर एक्स' मध्ये ते स्वतःच अदृश्य झाले होते. श्रीदेवींचे मला विशेष वाटते. समोर कोणी नाही, रिकामी हवा आहे, आणि त्या हवेला लाजायचे, तिच्यावर रुसायचे, तिच्याबरोबर नाचायचे! आपण प्रार्थनेला बसलो की पाच मिनिटांत चुळबुळ करू लागतो.

पण त्या हवेत माणूस भरणारे कोण होते? 'मिस्टर इंडिया'चे छायाचित्रण बाबा आझमींचे, आणि चमत्कृतिदृश्यांची जबाबदारी पीटर परेरांची. आपल्याकडे तोवर अशा कामात संगणक आलेला नव्हता. जे करायचे ते कॅमेऱ्यात: फीत मागे गुंडाळायची, चौकटीचा एक भाग झाकून दुसऱ्यांदा प्रकाश द्यायचा, तारा लपवायच्या, हिशेब डोक्यात ठेवायचा. एक चूक झाली की दोन्ही वेळचे श्रम वाया. नायक फक्त लाल प्रकाशात दिसतो ही कल्पनाही किती साधी आणि किती नेमकी! दहा वर्षांपूर्वी, १९७७ मध्ये, याच परेरांनी 'अमर अकबर अँथनी'चे छायाचित्रण केले होते. त्यातील ज्या गाण्यावर आमच्या लग्नांच्या मेजवान्यांत आजही आजोबा पायावर उभे राहतात, त्या गाण्यात नाव आहे ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे. संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे हे गुरू. गुरूचे नाव शिष्याने अशा रीतीने देशाच्या तोंडी बसवले, पण गाणाऱ्या शंभरांतल्या किती जणांना ठाऊक आहे की हा खराखुरा माणूस होता? 'मिस्टर इंडिया'चे संगीतही लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचेच. संकलन वामन भोसले आणि गुरुदत्त शिराळी यांचे. भोसले गोव्यातल्या पोंबुर्पाचे, २०२१ मध्ये ते गेले. परेरा जानेवारी २०२४ मध्ये गेले. वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या.

ही गोष्ट आजची नव्हे. दादासाहेब फाळके यांना चित्रपटाचे वेड लागले ते मुंबईत 'ख्रिस्ताचे जीवन' हा परदेशी मूकपट पाहून, हे आपण कॅथलिक लोक मोठ्या अभिमानाने सांगतो. मग त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली. पण फितीला भोके पाडणाऱ्या, रसायनांत ती धुणाऱ्या आणि शिवाय सगळ्या चमूचा स्वयंपाक रांधणाऱ्या सरस्वतीबाईंचे नाव आपल्यापैकी कितींच्या ओठी असते? 

असो. त्या मुलीने ज्याच्या दोऱ्या पुसल्या तो इंग्रजी अंतराळपट पुढच्या वर्षी उपनगरात लागला. सबंध कुटुंब निघाले आणि मलाही आग्रहाने नेले. कथा मला अर्धीच समजली, पण सात सेकंदांचे ते दृश्य येताच मुलीने आईचा दंड दाबला. आकाश निळेभोर होते. तिथे कधी तार होती असे कोणालाही वाटले नसते.

चित्रपट संपला, दिवे लागले, लोक उठले. आम्ही पाच जण बसून राहिलो. पडद्यावर नावे सरकू लागली, शेकड्यांनी, चार-चार रांगांत, मुंगीएवढ्या अक्षरांत. मुंबईची नावे आली तेव्हा आई पुढे वाकली. तिचे ओठ जपमाळेच्या वेळी हलतात तसे हलत होते. पाटील, परेरा, पिल्ले, राणे, रॉड्रिग्ज... नावे संपली. तिचे नाव नव्हते. पडदा काळा झाला. झाडू घेऊन आलेल्या मुलाला आईने विचारले, "पुन्हा एकदा लावतील का हो?" त्याला प्रश्नच कळला नाही. वडिलांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

मुलगी मात्र शांत होती. मधेच तिला दुसऱ्या कामावर पाठवले होते, शिवाय जागा थोडी आणि माणसे फार, असे काहीसे तिने सांगितले. मग म्हणाली, "फादर, आमचे काम दिसले तर ते चुकले असे समजायचे." हे ती हसून म्हणाली खरी, पण रिक्षात ती एक शब्दही बोलली नाही. दिसू नये ते काम, हे मान्य. पण करणारीही दिसू नये, हे कोणी ठरवले? नम्रता हा सद्गुण आहे, असे तिला सांगण्याचा मोह मला झाला होता. मी तो आवरला. दुसऱ्याच्या वाट्याची नम्रता आपण परस्पर वाटून देऊ नये. आमच्या देवळाच्या नव्या छताच्या देणगीदारांची नावे मी स्वतः संगमरवरावर कोरून घेतली आहेत, आणि वेदीवरची वस्त्रे गेली कित्येक वर्षे कोण धुते हे मला आमच्या सेवकाला विचारावे लागले होते.

घराशी उतरल्यावर पायऱ्यांवरच्या त्या वाक्याबद्दल मी आईची क्षमा मागितली. ती म्हणाली, "बोललात ते बरोबरच होते, फादर. पण मोठ्याने बोललात."

आता मुलगी शनिवारी सायंकाळच्या मिस्सेला वाचन करते आणि तिथूनच कामावर जाते. गेल्या नोव्हेंबरात मृत भाविकांच्या नावांची पाकिटे आली, त्यांत तिच्या अक्षरातले एक होते. आजी, आजोबा, एक काका, आणि खाली दोन नावे: पीटर परेरा, बाबूभाई मिस्त्री. शेजारी पेन्सिलीने लिहिले होते, "दुसरे ख्रिस्ती नव्हते. चालेल ना?"

मी दोन्ही नावे वेदीवरून वाचली, सावकाश, ती वाचते तशी. मिस्सा संपल्यावर एक आजी काठी टेकीत माझ्यापाशी आल्या आणि विचारू लागल्या, "फादर, हे मिस्त्री कुठल्या गावठाणातले?"